मढवी मॅडमनी स्पीकरवर लावलेला फोन

मढवी मॅडम सेव्हचं बटण दाबण्याआधी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायच्या आणि पडद्यावरचा पत्ता एकेक आकडा करत मोठ्याने वाचायच्या, लहान मुलं पाढे म्हणतात तशा. महापेच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मॅडम, हे काय?" चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "एक आकडा चुकला ना, तर उरनला तुलाच पाठवीन."

उरणच्या गोदामात आमचा सर्व्हर होता. तो अडकला तर ऑफिसात बसून बंद-चालू करता यावा म्हणून त्याला एक वेगळी जोडणी असते, तिचा आकड्यांचा पत्ता वेगळा, पासवर्ड वेगळा. मॅडम तिला मागचा दरवाजा म्हणायच्या. हा पत्ता दुरून बदलताना चुकलात की दरवाजा तोंडावर बंद. मग गाडी काढून तिथे जाण्यावाचून इलाज नाही. "चावी खिशात हाय का बघ, मंगच दार लोट," हे त्यांचं दिवसभर चालायचं.

त्या मूळच्या तळवलीच्या. भावांनी इमारती बांधल्या, भाडी येत होती. नोकरी का करता म्हटलं, तर "घरी बसून काय भाडेकरू मोजू?" डब्यात सुकट आणायच्या आणि आम्हाला वाढल्याशिवाय घास घ्यायच्या नाहीत. पण चिडल्या की थेट ठसक्यातल्या आगरी बोलीवर उतरायच्या, आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जायचं.

निलेश आमच्यात सगळ्यात नवा. एका दुपारी त्याने नेमकी पत्त्याचीच चूक केली आणि नेमका तेव्हाच सर्व्हर अडकला. गोदामाबाहेर ट्रक खोळंबले. मॅडमनी त्याला सगळ्यांसमोर झाडलं. "शालेत आकडे शिकवले नाय का तुला? सर्व्हरला हात लावायची तुजी लायकीच नाय!" त्याचे कान लालबुंद झाले होते. आमच्यापैकी कुणी मध्ये पडलं नाही. मी तर पडद्यात डोकं खुपसून बसले. पुढच्याच आठवड्यात त्याने नोकरी सोडली. आठवलं की आजही मान खाली जाते.

गेल्या वर्षी नवा सर्व्हर आला. मॅडम स्वतः उरणला जाऊन जोडणी करून आल्या. बाकीचं काम ऑफिसातून चाललं होतं. फोनवर बोलता बोलता त्यांनी न वाचताच सेव्ह दाबलं, आणि पडदा थिजला. मागच्या दरवाजाच्या पत्त्यात एक आकडा चुकला होता. सर्व्हर सुरू होता, कुणाचं काही अडलेलं नव्हतं. "मॅडम, आपण गुपचूप जाऊन येऊ, कुणाला कळणारही नाही," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा पार उतरला. "त्या पोराला मी लायकी नाय बोलली गं. ही चूक तं कोनाच्या पन हातून होते."

मग त्या दुपारी तिथे असलेल्या आम्हा तिघांना जवळ बोलावून त्यांनी टेबलावर फोन ठेवला आणि स्पीकर लावला. "सगल्यांसमोर बोलली होती, सगल्यांसमोरच माफी मागनार."

निलेशने फोन उचलला. तो वाशीत मोबाइलच्या दुकानात होता. सर्व्हरचं काम परत धरलंच नाही, म्हणाला. मॅडम फोनकडे वाकल्या. "निलेश, आज माज्याकडनं बी तीच चूक झाली. तुला तसं बोलायला नको होतं रे बाला. माफ कर."

दुकानातल्या गलक्यातून निलेश म्हणाला, "नाही हो मॅडम. तुम्ही सगळ्यांनाच ओरडायचात, ते मी मनावर घेतलं नव्हतं. पण त्या दिवशी तुम्ही तिथून गेल्यावर सगळे खूप हसले. जेवताना माझी नक्कलसुद्धा केली. मग यावंसंच वाटेना."

नक्कल मी केली होती.

मॅडमनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. माझी नजर खाली गेली, तसा त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. "चालू हाय," त्या हळूच म्हणाल्या. "बोल."

मी तोंड उघडलं. एवढी बडबडी मी, पण शब्द फुटेना.

"मॅडम, गिऱ्हाईक आलंय," निलेश म्हणाला. "ठेवू का?"

मॅडम माझ्याकडेच बघत राहिल्या. शेवटी त्यानेच फोन ठेवला. मी गाडी काढते म्हणून उठले, तर मॅडमनी हाताने खूण करूनच मला बसवलं आणि त्या एकट्याच उरणला गेल्या.