आभार मानायची पाळी

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात सात वर्षं मी फक्त आभार मानले. दर हिवाळ्यात साहित्य मेळावा व्हायचा आणि पत्रिकेत सगळ्यात खाली, ‘आभारप्रदर्शन’ या शब्दापुढे माझं नाव असायचं. मी उठेपर्यंत अर्धं सभागृह श्रीखंड-पुरीच्या रांगेत गेलेलं असे. मंडपवाले, माइकवाले, आचारी, सगळ्यांची नावं आदल्या दिवशी विचारून पाठ करायची आणि रिकाम्या खुर्च्यांना ऐकवायची.

मी यवतमाळकडची. स्पर्धा परीक्षांसाठी दिल्लीत आले, मुनिरक्यात खोली घेऊन राहिले, सरकारी नोकरी लागली, लग्नानंतर फरीदाबादला आले. कथा मुनिरक्यापासूनच लिहीत होते. मंडळात गेले त्या पहिल्याच वर्षी एक कथा कार्यवाहांच्या हातात दिली. सगळे त्यांना सर म्हणत. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या माझ्या आईची ती गोष्ट होती. तिच्या हातची खिचडी काही घरांतली मुलं खायची नाहीत.

सरांनी आठवड्याने कागद परत दिले. “अनुभव अच्छा आहे हो, पण याला साहित्य नाही म्हणता येणार. तुमच्या जयंतीच्या कार्यक्रमात वाचा, तिथे आवडेल. मेळाव्यात आभार मात्र तुम्हीच माना. तुमचं बोलणं आता बिल्कुल आपल्यासारखं झालंय.”

अंगाचा तिळपापड झाला, आणि तोंडातून निघालं, “हो, सर.” त्या ‘हो, सर’चा राग मला अजून आहे. सरांचाही आहे, तो मी मुद्दाम जपून ठेवला होता.

मग पुण्याहून माझं पुस्तक आलं. पहिली कथा तीच. त्याला पुरस्कार मिळाला आणि आठवड्याच्या आत सरांचा फोन आला. “अहो, तुम्ही तर आपल्या मंडळाच्या लेखिका. यंदा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचाय.”

“येते. पण माझी कथा मी जेवणाआधी पूर्ण वाचणार. आणि आभार तुम्ही मानायचे.”

“मी? अहो, ते काम तर...” मी वाट पाहिली, मदत केली नाही. शेवटी ते “बरं” म्हणाले.

मेळाव्याच्या दिवशी पुऱ्यांचा वास सभागृहात पसरला होता. मी सावकाश वाचलं. पुऱ्या गार होईपर्यंत वाचलं. खिचडीचा परिच्छेद तर दोनदा वाचला, गरज नसताना. पहिल्या रांगेत सर मान खाली घालून बसले होते, आणि मला खूप बरं वाटत होतं. लोक जागचे हलले नाहीत.

सर आभाराला उठले तेव्हा मात्र खुर्च्या सरकल्या. मी तेवढी समोर बसून राहिले. “आपले माइकवाले...” म्हणून ते अडकले आणि माझ्याकडे बघू लागले. माइकवाल्यांचं नाव मला ठाऊक होतं, आदल्या दिवशी सवयीने विचारलंच होतं. मी मांडीवरच्या शालीची घडी घालत राहिले. सरांनी दोनदा घसा खाकरला, मग “ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार” म्हणून उरकलं.

खाली येऊन म्हणाले, “जरा गडबड झाली, नाही?”

“होतं असं, सर, पहिल्या वर्षी,” मी म्हटलं. “पुढच्या वर्षीपर्यंत सवय होईल तुम्हाला.”