बिल्डिंग पास झाली

धम्मपाल मानखुर्दचा. झोपडपट्टी हटवून बांधलेल्या सात मजली इमारतीत वाढला आणि आमच्या विद्यापीठात पीएच.डी.ला लागला. विद्यापीठ सरकारी, संशोधनाचं आणि इतकं नवं, की ग्रंथालयात पुस्तकांपेक्षा उद्घाटनाच्या पाट्या जास्त. मी जिंतूरचा, एवढ्या पाट्या आमच्या शाळेला मिळाल्या असत्या तर आम्ही छप्पर घातलं असतं.

धम्मपालचा विषय होता अशा इमारतींतलं पाणी. वरच्या मजल्यांवर ते चढत नाही हे त्याला जन्मापासून माहीत. आता शास्त्रशुद्ध सिद्ध करायचं होतं. संशोधकाने आपल्याच शेजाऱ्यांना प्रश्न विचारू नयेत, असा नियम. म्हणून ज्युनिअर पोरं घरोघर पाठवली. उत्तरं जमली, तर अख्खी बिल्डिंग समाधानी!

धम्मपाल थेट सातव्या मजल्यावर चंपामावशीकडे. मागोमाग मी.

"मावशे, पाणी रोज येतं म्हणून सांगितलंस?"

"मग! तुझ्या कॉलेजची पोरं आली होती ना? सगळ्यांना बजावलं, आपल्या धम्याची परीक्षा आहे, रडगाणं गाऊ नका, नापास करतील त्याला."

"अगं, परीक्षा माझी नव्हती, बिल्डिंगची होती!"

"मग बिल्डिंगपण पास झाली ना? चहा घे."

त्याने गाइड नलिनी मॅडमकडे पुन्हा पाहणी करायची परवानगी मागितली.

"आता उत्तरं बदलली तर तूच पढवलीस म्हणतील," मॅडम म्हणाल्या. "आणि निधी संपलाय."

"पण मॅडम, मी तिथेच राहतो. नळ कोरडा आहे."

"तेच सांगतेय. तू तिथे राहतोस, म्हणून तुझं म्हणणं पुरावा होत नाही."

लोक खोटं का बोलले यावर त्याने एक प्रकरण लिहिलं. मॅडमनी ते काढायला लावलं. नाहीतर सही मिळणार नव्हती. घरात पहिलाच शिकलेला, आईने आधीच शेजारीपाजारी 'डॉक्टर' म्हणायला सुरुवात केलेली. मी म्हटलं, "काढ यार, नंतर भांडू." त्याने काढलं. पदवी मिळाली, गल्लीत बॅनर लागला, झकास फोटो.

पावसाळ्यानंतर रहिवासी सरकारी कार्यालयात नवा पंप मागायला गेले. साहेबाने धम्मपालचाच प्रबंध पुढे केला : तुमच्याच पोराने लिहिलंय, इथे तक्रार नाही.

चंपामावशी धापा टाकत त्याच्या दारात आली. "धम्या, तू जाऊन सांग ना त्या साहेबाला, आम्हीच खोटं बोललो म्हणून!"

"सांगितलं मावशे," तो म्हणाला. "तो म्हणतो, डॉक्टरसाहेब, विद्यापीठाने मान्य केलंय, आता तुम्ही कशाला राजकारण करता?"