माझा नंबर बंद पडला तेव्हा

"ए ठेकेदार, डबा ठेव खाली अन् इकडं ये."

साहेबांनी असं बोलावलं. मी त्यांच्या नव्या बंगल्याच्या कंपाऊंडला रंग मारून राहिलो होतो. अंगणात चार पाहुणे खुर्च्या टाकून चहा पीत बसले होते. मी हात पुसत गेलो.

"हे बघा आमचे तांड्यावरचे ठेकेदार," साहेब पाहुण्यांना म्हणाले. "तीन वर्षं जीएसटीचं एक रिटर्न नाही. अन् मला म्हणतो, चेकातून टॅक्स कापला म्हणजे भरलाच की! यांना आधी माणसात आणा, मग ठेके द्या."

पाहुणे हसले. मीबी हसलो.

मी रंगारी. कळमनुरी तालुक्यातल्या गावोगावच्या शाळा रंगवतो. नकाशे, पाढे, बाराखडी, इंग्रजी अक्षरं. बाप दुसऱ्याच्या उसात कोयता चालवत राहिला, मी ब्रश धरला. तांड्यावर लोकांना त्याचं अप्रूप होतं.

ग्रामपंचायत म्हणाली, बिल पाहिजे तर जीएसटी नंबर काढा. हे साहेब हिंगोलीत कर सल्लागार. त्यांनी नंबर काढून दिला. अर्जावर मोबाईल मात्र स्वतःचा टाकला. "तुला मेसेज येऊन काय कळणार?" म्हणाले. मला ते खरंच वाटलं. दरसाल मी बिलं थैलीत घालून नेत होतो. "ठेव तिथं." मी ठेवत होतो. फीसबी देत होतो. रिटर्न म्हणजे काय, हे कधी विचारलं न्हाई. ती चूक माझी.

मग एका ग्रामसेवकानं बिल परत केलं. "तुमचा नंबर बंद पडलाय." सगळ्या नोटिसा साहेबांच्या मोबाईलवर येऊन पडल्या होत्या. मला एकबी सांगितली न्हाई.

साहेबांकडं पळालो. ते म्हणाले, "मागचं सगळं भरावं लागेल. दंड रोज चढतोय. माझी जादा फीस तुला झेपायची नाही. बंगल्याला रंग मार, मी करून देतो."

बायकोला सांगितलं. कमल दहावी शिकलेली. ती म्हणाली, "काहून? फीस दिली होती ना?"

"गप. सगळं त्याहीच्याच हातात हाय."

बावीस दिवस फुकट रंग मारला. रोज विचारायचं, "साहेब, झालं का?" रोज उत्तर, "उद्या."

त्या दिवशी पाहुण्यांपुढून मी भिंतीकडं गेलोच न्हाई. बंगल्याच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस. तिथं काम करणाऱ्या ताईंना म्हणलं, "माझं कुठवर आलं, तेवढं सांगा." त्यांनी वही काढून पान उघडलं. माझं नाव. नंबर. त्याखाली पासवर्ड, इंग्रजीत.

शाळेच्या भिंतींवर ए ते झेड मी किती वेळा काढलं, गणती न्हाई. एक-एक अक्षर जोडलं. जी. ए. डी. एच. ए. व्ही.

गाढव. पुढं एक-दोन-तीन.

ताईंनी वहीवर हात ठेवला. खाली बघत म्हणाल्या, "साहेबांनीच ठेवला, दादा. लक्षात राहतो म्हणाले."

"अन् रिटर्न?"

त्यांनी कोपऱ्याकडं बोट केलं. माझ्या तिन्ही थैल्या. गाठीसुद्धा सुटल्या नव्हत्या.

थैल्या उचलल्या अन् अंगणात आलो. पाहुणे बसलेलेच होते.

"साहेब, आजपासून माझं काम तुमच्याकडं न्हाई. तुमचं माझ्याकडं न्हाई."

"भिंत अर्धी टाकून जाशील?" साहेब उठले. "जा. हिंगोलीत तुझ्या फायलीला कोण हात लावतं ते बघतो."

त्यांनी ते खरं करून दाखवलं. दोघा सल्लागारांनी दारातूनच परत पाठवलं. कर कचेरीत गेलो, अर्जावरचा मोबाईल माझा न्हाई म्हणून सांगितलं. अर्ज द्या. पुरावा आणा. पुढच्या आठवड्यात या. चार खेपा झाल्या. नंबर बंदच. शाळेचं बिल अडकलेलं. दंड चढूनच राहिला. मी सध्या दुसऱ्या ठेकेदाराच्या हाताखाली रोजानं जातो.

संध्याकाळी कमल अन् मी थैल्या सोडून बसतो. ती बिलं वाचते, मी तारखेनं लावतो. रिटर्न कसं भरतात ते तिनं मोबाईलवर बघून कागदावर उतरवून घेतलंय. लई काही कळत न्हाई. रडू येतं. तिलाबी, मलाबी.

उद्या पाचवी खेप. खुर्ची न्हाई दिली तर उभा राहीन. नंबर परत सुरू होईल का, म्हाईत न्हाई. माझ्या चुकीचा दंड मी फेडीन, एक-एक महिना करत. पण ओळ न् ओळ वाचल्याबिगर आता कुठल्याच कागदावर सही करणार न्हाई.