थोरल्या आबांचा खुबा

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, आमचे थोरले आबा, उसाच्या पाटात घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. वय ऐंशीच्या पुढे. किती पुढे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी सुटीत कराडजवळच्या गावी आले होते, म्हणून जीपमध्ये मलाही कोंबलं. सांगलीच्या इस्पितळात पोचेपर्यंत आम्ही अकरा जण झालो होतो. लग्नाच्या वऱ्हाडात असतात तशी माणसं, आणि तितक्याच उपयोगाची.

वडील लष्करात असल्यामुळे मी इंग्रजी शाळेत शिकत होते. घरच्यांना ते एरवी खुपायचं. त्या दिवशी मात्र चुलत्यांनी मला पुढं ढकललं आणि डॉक्टरांशी इंग्रजीतच बोलायचं म्हणून बजावलं. डॉक्टर सांगलीचेच, स्वच्छ मराठी बोलणारे. पण चुलत्यांना माहिती नको होती, छाप पाडायची होती. मी खाली बघत दोन वाक्यं कशीबशी उच्चारली.

डॉक्टरांनी सगळं मराठीतच सांगितलं. आबांचं हृदय थकलं होतं, छातीत कफ होता, अंगावर मांस नव्हतं. भूल दिल्यावर ते जागे होतीलच असं नाही. जागे झाले तरी चालतील याची खात्री नाही. ऑपरेशन केलं नाही तर अंथरूण, पाठीला जखमा आणि दुखणं. विचार करून सांगा, म्हणाले.

चुलत्यांनी एवढाही वेळ घेतला नाही. "आवं डॉक्टरसाहेब, आमच्या घराण्याचं हाड लय घट्ट हाय," असं म्हणून त्यांनी कागदावर सही केली. घट्ट हाड मोडूनच आम्ही इथं आलो होतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आबांना एवढंच कळवलं गेलं की एक खिळा मारायचा आहे, आठ दिवसांत शिवारात. बाहेर पुरुष मंडळी पान खात इतक्या मोठ्या ऑपरेशनच्या गप्पा मारत बसली. धाडस त्यांचं, छाती आबांची.

आबांना पाणीसुद्धा द्यायचं नाही, पोटातलं भुलेत वर येऊन छातीत जातं, असं नर्सनं रात्रीच सांगितलं होतं. सकाळी चुलतीनं त्यांच्या तळहातावर दहीसाखर ठेवली. मोठ्या कामाला निघताना ठेवतात तशी. तिला तेवढ्यानंही बरं वाटेना, म्हणून दुधात भाकरी कुस्करून वाटीभर भरवली.

"उपाशी माणसाला कापायला न्हेत्यात व्हय?" ती मला म्हणाली.

मी रिकामी वाटी विसळून आणली. घरात जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, तिनं चुलतीची तक्रार करायची होती. स्ट्रेचर दारात आलं तेव्हा कुठे मी नर्सजवळ जाऊन सांगितलं.

ऑपरेशन थांबलं. डॉक्टर आले, सगळ्यांना बाहेर काढलं. मी पडद्यापाशीच राहिले; मला कुणी मोजत नसे. त्यांनी स्टूल ओढलं आणि आदल्या दिवशी आम्हाला सांगितलेलं सगळं आबांना सांगितलं. उद्या करू या का, असं विचारलंही.

आबांनी छताकडे बघत विचारलं, "म्हंजी झोपंतच जायाचं बी हुईल?"

"होईल."

"मग नगं. घरी न्ह्या."

परतताना जीपमध्ये चुलते माझ्याशी बोलले नाहीत. गावात त्यांनी सांगितलं, की आबांचं वय बघून डॉक्टरच घाबरला.

दिवाळीच्या सुटीत मी पुन्हा गेले, तेव्हा आबा खाटेवर होते. पाठीच्या जखमांचा वास खोलीत भरला होता. त्या जखमा रोज चुलतीच धुवायची, नाकाला पदरही न लावता. चुलते उंबऱ्यातूनच चौकशी करत. मला बघून आबांनी हात उचलला.

"लय दुखतंय गं," ते म्हणाले. "त्यो डाक्टर खरं बोलला."

मग त्यांनी कूस बदलायला सांगितली. मी एका बाजूनं धरलं, चुलतीनं दुसऱ्या. त्यांचं वजन हाताला लागलंच नाही, तरी ते ओरडले.