आग नसलेल्या घरातलं पाणी

दहिसरच्या एका टॉवरमध्ये, आग लागली की छतातून पाणी सोडणाऱ्या स्प्रिंकलरच्या देखभालीचं काम आमच्याकडे होतं. एका दुपारी वॉचमनचा फोन आला, "मॅडम, वरच्या फ्लॅटमध्ये पाणी पडतंय, आग कुठेच नाही." मी फिटरला घेऊन पोचले. त्याने आधी त्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद केला.

बेडरूममध्ये गाद्या, कपडे, भिंती, सगळं पाइपात साचलेल्या काळ्या पाण्याने माखलं होतं. त्या घरातल्या आजींचा मुलगा ऑफिसातून धावत आला आणि माझ्यावरच घसरला. "तुमचा माल बोगस आहे. धूर नाही, काही नाही, आणि घराची पार वाट लागली!"

मी वर पाहिलं. स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची बारीक कुपी असते. ती तापली की फुटते, मगच पाणी सुटतं. इथे तर छताला धुराचा डागसुद्धा नव्हता.

मुलगा बादली आणायला गेला. कोपऱ्यात त्याची म्हातारी आई डोक्यावर टॉवेल घेऊन बसली होती. तिने मला खुणेने जवळ बोलावलं.

"मीच फोडलंय. ह्या काठयेन."

"का हो, आजी?"

"पानी खराच येता काय ता बघूचा होता. दार भायरसून बंद करून जातत. आग लागली तर मी खंय जावू?"

वॉचमनला कुलूप तोडून आत यावं लागलं होतं, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. मुलगा परत आला. मी हळूच विचारलं, "आजी, नक्की काय झालं?"

"माका काय म्हायत? मी निजलेलंय," ती शांतपणे म्हणाली.

मी काठी पाहिली. ओली होती, पण त्या खोलीत कोरडं काय होतं? ती मघाशी खरं बोलली की आत्ता? की दोन्ही वेळा तिला तसंच वाटत होतं?

"कारण कळत नाही," मी मुलाला म्हटलं, "पण दार बाहेरून बंद करू नका."

तो ओशाळला. "ती बाहेर पडली की हरवते हो. दोनदा पार हायवेवरच्या चेकनाक्यापर्यंत गेली होती."

नवा स्प्रिंकलर बसवताना मी फिटरला त्यावर लोखंडी जाळी लावायला सांगितली.

"जाळी कशाला?" मुलाने विचारलं.

"बॉल-बिल लागतो कधी."

"आमच्याकडे कोण बॉल खेळतंय?"

मी विषय बदलला. आजी मात्र वर जाळीकडे बघत राहिली.

पुढे मुलाने फोन करून सांगितलं, की किल्ली आता शेजारणीकडे असते, ती दिवसातून एकदोनदा डोकावते. बरं वाटलं. तरी जाळी लावून मी त्या बाईचं रक्षण केलं की तिची हाक बंद केली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.