मे महिन्यातला नाताळ

आमच्या घरी नाताळ मे महिन्यात यायचा. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा जपून बघतो, उन्हाने हिच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय अशा नजरेने. बल्लारपूरच्या मे महिन्यात तसं व्हायला वेळ लागत नाही, म्हणून मी कुणाचं मनावर घेत नाही.

कारण अगदी साधं होतं. माझी धाकटी बहीण आखातात नर्स होती. मुलीच्या जन्मानंतर काही महिन्यांतच तिचा नवरा दुसरा संसार थाटून मोकळा झाला. पुढे तिला ही नोकरी मिळाली, तेव्हा ती पोरीला आमच्याजवळ ठेवून गेली. आमच्याजवळ म्हणजे आई, बाबा आणि मी. पोर तेव्हा रांगत होती. मी लग्न केलेलं नाही, घरीच शिवणकाम करते. जाताना बहीण माझ्या मशीनजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, तू आहे म्हणून मी जाऊन राह्यली." मी तिला म्हटलं, रडायचंच असेल तर तिकडे सरकून रड, इथे गिऱ्हाइकाचं ब्लाउज आहे.

तिला रजा मिळायची ती मे महिन्यात. डिसेंबर तिच्या नशिबात नव्हता. पहिल्या वर्षी डिसेंबर तोंडावर आला तेव्हा आई हात झटकून म्हणाली, "लेकरू इथी, त्याची माय तिथी, अन् आपण केक खायचा? माह्या घशाखाली उतरत नाई. पोरगी येईल तवा करू नाताळ." आईचा शब्द आमच्याकडे शेवटचा असतो. अशा रीतीने येशूच्या जन्माची तारीख आमच्या घरापुरती पुढे ढकलली गेली. पास्टरांनी एकदा घरी येऊन हळूच हा विषय काढला होता. आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी केली.

डिसेंबरात आम्ही चर्चला जायचो, गाणी म्हणायचो, लोकांच्या घरचं फराळाचं ताट घ्यायचो आणि आमचं ताट मे महिन्यात येईल म्हणून सांगायचो. दारावर चांदणी लावायची नाही, केक कापायचा नाही. भाचीने विचारलं की मी सांगायचे, हा चर्चचा नाताळ आहे, आपला नाताळ आई आल्यावर. तिला यात काही वावगं वाटत नसे. बाकीच्यांचे वाढदिवस वेगवेगळ्या दिवशी येतात, तसाच हाही, एवढंच तिचं गणित होतं.

मे उजाडला की घरात धांदल उडायची. बाबा पोंभुर्ण्याकडच्या त्यांच्या एका मित्राच्या शेतातून बांबूची फांदी आणायचे. तेच आमचं झाड. त्याला मी कापूस चिकटवायचे आणि दुपारच्या गरम वाऱ्याने तो उडून घरभर व्हायचा. करंज्यांच्या सारणात ताजी चारोळी असायची, डिसेंबरवाल्यांना ती मिळत नाही हा आईचा मोठा अभिमान. खरी पंचाईत मेणबत्त्यांची. डब्यात ठेवल्या तर वाकून जायच्या, म्हणून त्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवायच्या. संध्याकाळी केकवर त्या लावल्या की कूलर बंद करावा लागे, नाहीतर विझणार. मग आम्ही सगळे घामाने निथळत, बर्फाचं आणि थंडीचं गाणं म्हणायचो. बाबा दुसऱ्या कडव्यालाच ओरडायचे, "आता आमेन म्हणा अन् कूलर लावा!"

शेजारच्या काकू बौद्ध. त्यांची बुद्धपौर्णिमा बहुधा त्याच दिवसांत यायची. त्यांच्याकडून खिरीचं पातेलं यायचं, आमच्याकडून करंज्या जायच्या. पातेलं देता देता त्या आईला विचारायच्या, "काऊन बाई, तुमच्या येशूले दुसरा महिना नाई भेटला का?" आई म्हणायची, "आमच्या पोरीच्या सायबाले विचारा."

भाची पाचेक वर्षांची असेल. बाबांनी खोक्याची गव्हाणी केली होती आणि तिच्यात गवतावर येशूबाळ ठेवलं होतं. दुपारी बघते तर बाळावर माझा ओला रुमाल आणि उशाला एक अख्खा कांदा. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "त्याले ऊन लागन ना मावशी." उन्हाळ्यात शाळेत जाताना ऊन बाधू नये म्हणून मी तिच्या खिशात कांदा घालायचे, तोच न्याय तिने देवाला लावला होता. आई हसली नाही. तिने जाऊन रुमाल पुन्हा ओला करून आणला.

हे सगळं ज्या एका माणसासाठी चालायचं ते माणूस यायचं तेव्हा मात्र पोर माझ्या मागे लपायची. दरवर्षी तेच. बहीण दारातच बॅग टाकून हात पसरायची आणि ही माझ्या गाऊनचा घोळ घट्ट धरून उभी. मी तिला पुढे ढकलायचे, "जा, आई आहे तुझी." तिच्या मुठी सोडवताना मला आतून सुख व्हायचं आणि त्याच क्षणी बहिणीच्या तोंडाकडे बघवायचं नाही. दोन्ही खरं होतं. हळूहळू पोर रुळायची, आईच्या कुशीत झोपायला लागायची, आणि तेवढ्यात रजा संपायची. मग पुन्हा आमचं दोघींचं राज्य. वेणी, डबा, पाढे, तापात रात्रभर कपाळावर पट्ट्या. तिने कधी चुकून मला आई म्हटलं तर मी दुरुस्त करायचे. कडक आवाजात करायचे, कारण मऊ आवाजात मला ते जमलं नसतं.

पोर चौथीत होती तेव्हा फेब्रुवारीत बहिणीचा फोन आला. तिला युरोपातल्या एका थंड देशात नोकरी मिळाली होती, पक्की, आणि तिथे मुलीला सोबत नेता येणार होतं. ती फोनवर हसत होती आणि रडत होती. "ताई, आता माही पोरगी माह्याजवळ राहीन." मी म्हटलं, वा, छान झालं. मनापासून म्हटलं. मग फोन ठेवला आणि मशीनवर बसले तर सुईत दोराच ओवता येईना. आई म्हणाली, उजेडात बस. मी उजेडातच बसले होते.

एखाद्याची वस्तू सांभाळायला घेतली तर ती परत करावी लागते, हे मला काय कुणी शिकवायला हवं? पण ती वस्तू नव्हती. तिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या होत्या, तिचा पहिला पडलेला दात माझ्या ओंजळीत पडला होता. आणि बहिणीने तरी काय करायचं? इतकी वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात परक्यांची लेकरं निजवली तिने. मला भांडायला कुणी माणूसच सापडत नव्हतं, आणि माझ्यासारख्या भांडखोर बाईला ते फार जड गेलं.

त्या मेमध्ये आम्ही नाताळ केला तो नेहमीसारखाच. बांबू आला, करंज्या झाल्या, मेणबत्त्या माठाशी बसल्या. मी पोरीसाठी पातळ सुती फ्रॉक शिवला होता, पिवळ्या फुलांचा. बहिणीने मखमलीचा लाल फ्रॉक आणला होता, लांब बाह्यांचा. पोरीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आईचा घाल. तिने घातला आणि संध्याकाळपर्यंत तिची मान घामोळ्यांनी लाल झाली. बहीण कासावीस होऊन पावडर लावत होती आणि विचारत होती, "ताई, इले इतकं घामोळं येते का?" मी सांगत गेले. हिला काय सोसतं, काय नाही, ताप चढायच्या आधी ती कशी गप्प होते, अंधारात पाय दाबून दिले की कशी लगेच झोपते. बहीण ऐकत होती, मान हलवत होती, आणि मला वाटत होतं की मी एकेक करून सगळं हातातलं देऊन टाकते आहे. केक कापताना बाबा त्या वेळी आमेनची घाई करायला विसरले. आम्ही सगळी कडवी म्हटली.

निघायच्या आदल्या सकाळी बहीण कागदपत्रं पिशवीत भरत होती. पोर जवळ उकिडवी बसून बघत होती. एकदम म्हणाली, "अन् मावशीचा पासपोर्ट कुठी आहे?"

बहीण म्हणाली, "मावशी मागून येते, हं." मला खोटं चालत नाही, लेकरासमोर तर नाहीच. मी तिला जवळ घेऊन सांगितलं, "मी नाई येत बेटा. तू आईसोबत चालली. मी इथीच आहे." ती रडली नाही. ती गप्प झाली, ताप चढायच्या आधी व्हायची तशी. मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला, गार होतं.

गाडी भर दुपारची होती. आमच्या बल्लारशाह स्टेशनवर फलाटाचं पत्र्याचं छप्पर तापून कडकड वाजत होतं. बाबा पाण्याच्या बाटल्या आणायला गेले ते मुद्दाम उशीर करून आले. आईने डब्यात करंज्या दिल्या. मी पोरीच्या डोक्याला पांढरा दुपट्टा बांधला, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. डब्यात बसल्यावर तिने खिडकीच्या गजातून हात काढून माझं मनगट धरलं. गाडी हलली तेव्हा या वेळी मी तिच्या मुठी सोडवल्या नाहीत. मी चालत राहिले, मग पळाले, आणि गाडीनेच आम्हाला सोडवलं. चाळिशी उलटलेली बाई फलाटावर धाय मोकलून रडत होती आणि मला कुणाचीही लाज वाटली नाही.

मग डिसेंबर आला. आईने मैद्याचा डबा काढला आणि म्हणाली, "यंदा आताच करून टाकू. थांबाचं कोणासाठी?" बोलून गेली आणि तिचं तिलाच ऐकू आलं असावं, कारण ती डबा मांडीवर घेऊन तिथेच खाली बसली. तरी केलं आम्ही. सगळ्या गावासारखी पंचवीस तारखेला दारावर चांदणी लावली. हवेत गारवा होता, मेणबत्त्या ताठ उभ्या होत्या, कूलर माळ्यावर होता. केक चांगला फुलला. आम्ही तिघांनी तो कापला.

दुपारी बहिणीचा व्हिडिओ फोन आला. पडद्यावर भाची, अंगावर जाड जॅकेट, गाल लालबुंद. बरं दिसत होतं लेकरू. तिने तिकडचं खरं झाड दाखवलं, खिडकीबाहेरचा बर्फ दाखवला, शाळेतल्या मैत्रिणीचं काहीबाही सांगितलं. मग तिची नजर माझ्या मागे टेबलाकडे गेली.

"मावशी, तो केक आहे का?"

"हो बेटा."

"कापला?"

"हो. आज नाताळ आहे ना."

ती पडद्याच्या अगदी जवळ आली. तिचा चेहरा मला पाठ आहे, ओठ कुठल्या बाजूने आधी थरथरतो तेही. "पण मी तं आलीच नाई," ती म्हणाली. "माह्यासाठी थांबली नाई तू?"

आई मागच्या मागे स्वयंपाकघरात निघून गेली. थांबायचं असतं हे या लेकराला आम्हीच शिकवलं होतं, वर्षानुवर्षं, आणि तिची पाळी आली तेव्हा आम्ही तारीख बघून केक कापून बसलो. मी म्हटलं, "चुकलं माझं. थांबीन बेटा. आपला नाताळ अजून व्हायचा आहे. तू कवा येशील तेवढं सांग."

तिने मान वळवली. बहीण पडद्यावर दिसत नव्हती, पण खोलीत होती, भांड्यांचा आवाज येत होता. पोरीने विचारलं, "आई, आपण मावशीकडे कवा जाऊन राह्यलो?" भांड्यांचा आवाज थांबला. तिने पुन्हा विचारलं. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आई सांगूनच नाई राह्यली, मावशी."