श्ऽऽ

दुसरीच्या वर्गात मी फळ्यावर इंग्रजीतले एस आणि एच शेजारी शेजारी लिहिले. “एकटे असले की एक म्हणतो स्, दुसरा ह्. जवळ आले की मात्र दोघांचा मिळून तिसराच आवाज होतो, श्ऽऽ,” मी सांगितलं. सगळा वर्ग श्ऽऽ करू लागला.

पहिल्या बाकावरची शर्वरी महिन्यापूर्वी गाव सोडून आमच्या शाळेत आली होती. तेव्हापासून वर्गात ती एकही शब्द बोलली नव्हती. आज हळूच म्हणाली, “बाई, हा तर गप्प बसवायचा आवाज आहे.”

इतकी वर्षं ओठांवर बोट ठेवून मी मुलांना हाच आवाज ऐकवत आले. त्यानं किती शब्द आतल्या आत विरले असतील, कोण जाणे.

“आज याच आवाजानं बोलायचं,” मी म्हटलं आणि फळ्यावर शिप, शॉप, फिश हे शब्द लिहिले. तिनं ते वाचले, आधी पुटपुटत, मग मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे. तिच्यापाठोपाठ सगळी मुलं ओरडून वाचू लागली.

शेजारच्या वर्गाच्या बाई दारात आल्या. “अहो, केवढा हा गोंधळ!”

“असू द्या,” मी म्हटलं. “शर्वरी वाचतेय.”